चुन्याखालचा सतरा

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्याविषयी काही लिहावं म्हणून मी आजवर अनेकदा बसले आणि दर वेळी दुसरंच काहीतरी लिहून उठले. त्यांच्या हातची कळण्याची भाकरी, दार उघडण्याआधी उंबऱ्याला हात लावण्याची त्यांची सवय, ओठांत बिब्याची फुलं ठेवून गोधडीला टाके घालत बसणं, असं बरंच लिहिलं. ते सगळं खरं आहे. पण लिहिताना मला ठाऊक असायचं की मी एका गोष्टीला वळसा घालून जाते आहे. ती गोष्ट एका आकड्याची आहे, आणि एका कागदाची. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

सुरतेत, बमरोलीला, गिरण्यांच्या मागच्या अंगाला, आमची चाळ होती. समोरासमोर दोन रांगा, रांगेत चौदा खोल्या आणि मधून वाहणारं उघडं गटार. खोल्यांना नंबर नव्हते. माणसं गावावरून ओळखली जायची: शिरपूरवाले, साक्रीवाले, पारोळ्यावाले. पत्र आलं की पोस्टमन ते नाक्यावरच्या पानवाल्याकडे टाकायचा आणि पानवाला गावाचं नाव घेऊन हाका मारायचा. सगळे खानदेशातले, सगळे लूमवर. दिवसपाळीवाले उठून गेले की रातपाळीवाले त्याच गोधड्यांवर आडवे व्हायचे. चोवीस तास कुठून ना कुठून मागांचा खडखडाट येत राहायचा. मी जळगावात वाढले, शांत गल्लीत. लग्न होऊन आले तेव्हा त्या आवाजाने मला झोप लागत नसे. पुढे पुढे माहेरी गेले की त्या शांततेत झोप येईना.

आमची खोली पूर्वेकडच्या रांगेत, तिसरी. माझे सासरे गावातली कोरडवाहू तुकडी भावाला सोपवून सुरतेला आले तेव्हा त्यांनी ही खोली घेतली. आत्याबाई लग्नानंतर इथेच आल्या. माझे यजमान इथेच जन्मले, इथेच लूमवर लागले. सासरे त्याच खोलीत, खिडकीखालच्या खाटेवर गेले. त्यानंतर भाऊबंद आत्याबाईंना गावी न्यायला आले होते. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यास्नी तिरडी आठून निंघनी. मन्हीबी आठूनच निंघी." त्यांची तिरडी इथून निघाली, माझीही इथूनच निघेल. एवढंच त्यांनी आयुष्याकडे मागितलं होतं, असं मला वाटतं. निदान माझ्यादेखत त्यांनी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी डी.एड. झालेली होते आणि महापालिकेच्या मराठी शाळेत मला नोकरी मिळाली. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. पण सुनेला ती आहे याचा त्यांना इतका अभिमान होता की माझी मलाच लाज वाटायची. वाण्याकडून आलेली पुडी सोडली की तो कागद त्या फेकत नसत. तळहाताने सपाट करून माझ्या उशाशी ठेवत. "वाची ले वं, काही कामनं राही." अर्ध्या फाटलेल्या गुजराती वर्तमानपत्रांत माझ्या कामाचं काय असणार? पण मी ते वाचायची. चाळीत भांडण झालं, कुणाचा पगार अडला, कुणाला गावाकडून तार आली, की आत्याबाई म्हणायच्या, "थांबा, मन्ही मास्तरीनले येऊ द्या." मग मी काय म्हणेन ते चाळीत ठरलेलं असायचं. याची मला सवय झाली. अशी सवय होऊ देऊ नये, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

मग शहरात प्लेगची साथ आली. सगळी सुरत रिकामी झाली, आम्हीही गाठोडी बांधून गावी पळालो. परत आलो तेव्हा शहर वेगळंच वागायला लागलं होतं. झाडूवाले रोज दिसू लागले. रस्ते रुंद झाले. आमचं गटार बुजवून नळीचं होणार, घरोघर नळ येणार असं कानावर आलं. बायका खूश होत्या. पाण्यासाठी पहाटे रांगेत उभं राहायला नको होतं. फक्त एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही, की गल्ली स्वच्छ झाली म्हणजे ती महागही होते. ज्या वस्त्यांत आधी नळ आले तिथे खोल्यांची भाडी चढली. मालकांनी जुन्या भाडेकऱ्यांना काढून जरीकामाची मशीनं बसवली. माझ्या वर्गातल्या दोन-तीन मुली एका महिन्यात शाळेत यायच्या बंद झाल्या. चौकशी केली तर घरंच उठून गेली होती.

पालिकेच्याही हे लक्षात आलं असावं, कारण आमच्या वॉर्डात तेव्हा एक चांगली योजना निघाली. चांगली होती, हे मी आजही म्हणते. ज्या चाळमालकाला नळ आणि गटाराची नळी हवी असेल त्याने लिहून द्यायचं की आज जे भाडेकरू आहेत त्यांना तो पाच वर्षं काढणार नाही आणि ठरल्यापेक्षा जास्त भाडं वाढवणार नाही. त्यासाठी आधी कोण कुठे राहतं याची यादी हवी. यादी करायची म्हणजे शिक्षक आलेच. जनगणना असो, मतदारयादी असो, की तापाचे रोगी शोधणं असो, ते काम आमच्याकडेच यायचं.

वॉर्ड ऑफिसात आमची बैठक झाली. एक वयस्कर अधिकारी होते, सावकाश बोलणारे, चष्मा कपाळावर ढकलून ठेवणारे. एक घर, एक नंबर, एक नाव, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी मागच्या बाकावर बसले होते. माझ्या मांडीवर वाचनालयाचं पुस्तक होतं आणि त्याची शेवटची चाळीस पानं राहिली होती. मी ती वाचत होते. छापील सूचनांचा कागद वाटला तेव्हा मी त्याची वरची बाजू पाहिली, घडी घातली आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवली.

मला माझीच गल्ली मिळाली. तिथल्या लोकांना मी ओळखते म्हणून.

आषाढातल्या एका रविवारी मी गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन निघाले. दाराशेजारी, माणसाच्या उंचीवर आकडा घालायचा आणि नोंदवहीत त्या आकड्यासमोर कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, किती वर्षं राहतात, भाडं काय, हे लिहायचं. आधी मी रस्त्यापलीकडची चाळ केली. तिथे ओरिसाकडचे आणि उत्तरेतले लोक होते. मग आमची, पुन्हा एकपासून. शेजारच्या शिरपूरवाल्या काकू कमरेवर हात ठेवून माझ्या मागे फिरत होत्या.

"मास्तरीनबाई, मन्हा आकडा गोल काढा. यास्ना लांबडा, मन्हा गोल."

"काकू, आकडे ओळीने येतात. मागून मिळत नाहीत."

"अशा कशा मिळतीन नही? रेशनना दुकानमा बी मांगनं पडस!"

सगळ्या हसल्या. आमच्या खोलीला सतरा आला. यजमान नुकते पाळीवरून आले होते, केसांत सुताचे तंतू. दारात उभे राहून म्हणाले, "इतकी वरीस सुरतमा काढात, आज आम्हना पत्ता लागना." आत्याबाईंनी तो ओला आकडा बराच वेळ पाहिला. मग बोट न लावता, हवेतच, त्याच्यावरून बोट फिरवलं. एक उभी रेघ, मग एक वळण. "हाई आपलं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

त्या वर्षी कानबाई बसणार होती. खानदेशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्याकडे कानबाईची स्थापना होते. नारळाला डोळे, नथ, दागिने लावून तिला चौरंगावर बसवतात, रात्रभर गाणी म्हणतात, सोमवारी नदीवर पोचवतात. रोटांसाठीचा गहू कुटुंबातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन मुठींनी मोजतात, आणि ते रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत. घरात मृत्यू झाला की ती बसत नाही. सासरे गेले त्या वर्षी ती बसली नव्हती. पुढच्या वर्षी चुलत घरात कुणी गेलं. म्हणजे दोन वर्षं देवी दाराबाहेर राहिली होती, आणि आत्याबाईंना ते खूप लागलं होतं. कानबाई यायची तर घर सगळं धुतलं पाहिजे, अंथरुणापांघरुणासकट, आणि भिंतींना चुना पाहिजे. आतून आणि बाहेरून. जुना डाग असलेल्या घरात ती येत नाही, असा समज आहे. माझ्या माहेरी कानबाई बसत नसे, म्हणून मला हे सगळं लग्नानंतर कळलं.

गुरुवारी दुपारी मी शाळेतून आले. चाळभर चुन्याचा वास होता. बादल्यांत चुना विरत होता, त्यात नीळ टाकली होती. आत्याबाई पदर खोचून दाराशी उभ्या होत्या. उजव्या हातात कुंचला, डाव्या हातात ओलं फडकं. अर्धी भिंत पांढरी झाली होती आणि आकड्यापाशी येऊन त्या थांबल्या होत्या. माझ्यासाठीच थांबल्या होत्या.

"काय वं," त्या म्हणाल्या, "हाऊ आकडा पुसी टाकू का?"

शेजारून शिरपूरवाल्या काकूंनी मान बाहेर काढली. पलीकडून आणखी दोघी. सगळ्यांचे हात थांबलेले होते.

मी दमलेली होते. खांद्यावर तपासायच्या वह्यांची पिशवी होती. मी म्हटलं, "पुसा ना. वहीत लिहिलंय सगळं. भिंतीवर कशाला हवं?"

"वहीमा शे?"

"आहे. सगळ्यांचं आहे."

त्यांनी वळून बाकीच्यांना सांगितलं, "वहीमा शे म्हने. मास्तरीन सांगस." आणि ओल्या फडक्याने सतरा पुसला. गेरू आधी पसरला, गुलाबी झाला. मग त्याच्यावर चुन्याचे दोन हात बसले. संध्याकाळपर्यंत सगळी चाळ इतकी पांढरी झाली होती की डोळे दिपत होते.

कानबाई छान बसली. एवढंच लिहिते. आत्याबाईंनी मुठी मोजताना सासऱ्यांचं नाव चुकून घेतलं, थांबल्या, आणि ती मूठ परत डब्यात टाकली. सोमवारी आम्ही सगळ्या मिळून तापीवर गेलो. येताना शिरपूरवाल्या काकू मला म्हणाल्या, "आते नळ उना की पहिलं पानी कानबाईलेच."

बुधवारी ते अधिकारी आले. बरोबर चाळमालक शेठ आणि पालिकेचा एक शिपाई होता. माझी नोंदवही अधिकाऱ्यांच्या हातात होती. आधी ते रस्त्यापलीकडच्या चाळीत गेले. मी शाळेत निघाले होते, पण थांबले. ते दारासमोर उभे राहायचे, भिंतीवरचा आकडा वाचायचे, वहीतला आकडा वाचायचे, नाव पुकारायचे, माणूस हो म्हणायचा, आणि ते टिक करायचे. अर्ध्या तासात ती चाळ झाली. मग ते आमच्याकडे वळले.

पांढऱ्या भिंतींसमोर ते बराच वेळ उभे राहिले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"बेन," त्यांनी मला विचारलं, "नंबर क्यां छे?"

मी सांगितलं. सण होता, चुना लावला, पण वहीत सगळं आहे. मी स्वतः लिहिलंय. या रांगेतली ही पहिली खोली पंधरा, ही सोळा, ही सतरा.

शेठ हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. शांतपणे म्हणाले, "साहेब, यह बेन खुद मेरी भाडोत्री है. अपना नाम खुद लिखा है. कौन सा कमरा सतरह है, यह भी यही बताएगी?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

सगळ्या बायका दारात आल्या होत्या. पुरुष बहुतेक पाळीवर होते. "आम्ही आठेच ऱ्हातस, बठ्ठासले इचारा," इथेच राहतो, सगळ्यांना विचारा, असं काही जणी म्हणत होत्या. अधिकारी ऐकत होते, मान हलवत होते. तेवढ्यात आत्याबाई आतून लोटा घेऊन आल्या. त्यांनी दाराशेजारच्या भिंतीवर पाणी ओतलं आणि तळहाताने चोळायला सुरुवात केली. चुना ओला झाला, सुटू लागला. त्यांनी नखं लावली. पांढरं पाणी त्यांच्या कोपरावरून ओघळत होतं. चुन्याखालून गुलाबी डाग वर आला. हातभर लांबीरुंदीचा, कडा नसलेला.

"देखा साहेब," त्या म्हणाल्या. "हाऊ देखा. आठेच व्हता." आणि त्या ओल्या भिंतीवर त्यांनी बोटाने काढून दाखवलं, एक उभी रेघ, मग एक वळण. त्यांनी जन्मात काढलेलं ते पहिलं अक्षर असावं. पाणी होतं ते, लगेच खाली ओघळलं.

अधिकारी जवळ आले. वाकून त्या डागाकडे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. "बेन, एक पण नंबर देखातो होत ने, तो हुं लखी आपत," ते मला हळू आवाजात म्हणाले. एक जरी दिसला असता, तर त्यांनी लिहून दिलं असतं. एकावरून पुढचे मोजता आले असते. मग त्यांनी वहीत लाल पेनाने काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की या चाळीचा सर्व्हे पुन्हा होईल. जाताना म्हणाले, सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं ना?

त्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलं. ते कधीच वाचून झालं होतं, परत करायचं राहिलं होतं. कागद तिथेच होता. वरच्या बाजूला नोंदवहीचे रकाने कसे भरायचे ते होतं. उलटवला. मागच्या बाजूला तीनच ओळी होत्या, आणि तिसरी अशी होती की तपासणी होईपर्यंत भिंतीवरचा नंबर पुसू देऊ नये, रहिवाशांना तशी सूचना द्यावी. मी पुडीचे कागदसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचणारी बाई. हा मी उलटवला नव्हता. बैठकीत साहेबांनी हे तोंडीही सांगितलं असणार. शेजारच्या शाळेतल्या बाईंना ते चांगलं आठवत होतं. तेव्हा मी चाळीस पानांपैकी कुठल्या तरी पानावर होते.

मी कागद परत घडी घालून ठेवला. कुणाला दाखवला नाही.

पुन्हा सर्व्हे झाला नाही. मी वॉर्ड ऑफिसात बऱ्याच वेळा गेले. अर्ज दिला, अर्जाची पोच घेतली. काही आठवड्यांनी त्या अधिकाऱ्यांची दुसऱ्या झोनमध्ये बदली झाली. नवे साहेब भले होते, पण त्यांच्यासमोर आमची चाळ म्हणजे एका वहीतला लाल शेरा होता. रस्त्यापलीकडे नळ आले. तिथल्या मालकाने लिहून दिलं होतं, आणि तिथली माणसं राहिली. तिथली एक बाई, पोराला कडेवर घेऊन, मला एकदा म्हणाली, "बहनजी, आप लोग भी हमारे नल से भर लिया करो." मी दोन दिवस भरलं. मग जाणं बंद केलं. त्यांच्या दाराशेजारी माझ्याच हातचे आकडे होते, गेरूचे, पावसात थोडे फिकटलेले, पण वाचता येण्यासारखे.

आमच्या शेठनी दिवाळीनंतर सांगितलं की भाडं दीडपट होईल, नाही परवडत त्यांनी बघावं. नळ त्यांनी पुढे स्वतःच्या खर्चाने घेतले. शिरपूरवाले आधी गेले, इच्छापोरकडे, कंत्राटी कामावर. निघताना काकूंनी टेम्पोत भांडी चढवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तरीनबाई, आते लया तुम्हनी वही!" आता आणा तुमची वही, असं त्या हसत म्हणाल्या. थट्टेची सवयच होती त्यांना. मी आत निघून गेले. त्यानंतर त्यांची भेट नाही.

आम्ही काही महिने दीडपट भाडं भरलं. मग शेठना खोल्या सलग हव्या होत्या, मशीनं बसवायला, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती पाडायचं काम सुरू झालं. शेवटच्या दिवशी सामान टेम्पोत गेलं तरी आत्याबाई खिडकीखाली, खाट होती त्या जागी बसून होत्या. यजमान दोनदा बोलवायला गेले. शेवटी मी गेले. त्या म्हणाल्या, "चाल." उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. बाहेर आल्यावर उंबऱ्याला हात लावला. भिंतीवरच्या गुलाबी डागाकडे पाहिलं नाही. मी पाहिलं.

कोसाडला आम्हाला खोली मिळाली, वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. नळ होता, वीज होती, संडास होता. बमरोलीहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. यजमानांना पाळीला जायला दीड तास लागायचा, पुढे ते आठवड्यातून दोन-तीन रात्री लूमच्या आवारातच झोपू लागले. मी शाळेतून यायची तोवर आत्याबाई दिवसभर एकट्या. शेजारी तेलुगू, वर काठेवाडी. अहिराणी बोलायला कुणी नव्हतं. बालवाडीत जाऊ लागलेली माझी मुलगी आजीशी गुजरातीत बोलायची आणि आजी तिला अहिराणीत उत्तर द्यायची, दोघींचं चालायचं. तापी इथून जवळ होती, बमरोलीपेक्षा कितीतरी जवळ. पण कानबाई पोचवायला जायला बाया नव्हत्या. आम्ही दोघीच गेलो.

तिथल्या पहिल्या कानबाईच्या आधी मी शाळेतून आले तर आत्याबाईंनी एकटीने चुना लावून ठेवला होता. घर पांढरं झालं होतं, फक्त दारामागे वीतभर जागा जुन्या पिवळट रंगाची तशीच सोडलेली. तिथे मलेरियावाल्यांनी फवारणीची तारीख लिहिली होती. बाहेर चौकटीशेजारी आणखी एक चौकोन सोडला होता, पोलिओच्या डोसवाल्यांनी खडूने केलेल्या खुणेसाठी. कडा नीट राखल्या होत्या, बोटाने राखल्यासारख्या.

"आत्याबाई, हे पुसलं असतं तरी चाललं असतं," मी म्हटलं. म्हणताक्षणी माझ्याच कानाला ते कसं लागलं ते सांगता येत नाही.

त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे वं. कोन कव्हय इचारी, सांगता येत नही."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्याच दिवशी कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला असता आणि वाचून दाखवला असता. त्यांना वाटत होतं की चूक त्यांची. फडकं त्यांच्या हातात होतं. मी पुसायला सांगितलं हे त्यांनी कधी कुणाला म्हटलं नाही. यजमानांनासुद्धा "मीच पुसना" एवढंच सांगितलेलं मी ऐकलं आहे. आणि मी ते ऐकून गप्प बसले. दर वर्षी चौकोन वाढत गेले. मीटर वाचायला येणाऱ्याने पेन्सिलीने लिहिलेलं काही, डोसवाल्यांच्या आणखी खुणा, कुठल्याशा पाहणीचा निळा बाण. आमच्या घरात कानबाई आता डाग असलेल्या भिंतींमध्ये यायची. त्यांनी हे देवीशी कसं मिटवलं असेल, मी विचारलं नाही.

त्या गेल्या ते थंडीत, दुपारी, झोपेत. मी शाळेत होते. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात तिरडी वळेना. शेजाऱ्यांनी ती उभी धरून उतरवली. शिरपूरवाल्यांना कळवायला माझ्याकडे पत्ता नव्हता.

त्या श्रावणात कानबाई बसली नाही. पुढच्या वर्षी मी चुना आणला, नीळ आणली. मुलगी आता मोठी झाली होती, तिने कुंचला मागून घेतला. मी आत भांडी घासत होते. ती दारामागून ओरडली,

"मम्मी, आ पण भूंसी नाखुं?"

हेही पुसून टाकू का. मी हात न पुसता बाहेर आले. तिच्या डाव्या हातात ओलं फडकं होतं. मलेरियाची ती तारीख केव्हाच जुनी झाली होती, लिहिणारा कुठल्या कुठे असेल. ती कुठल्याही वहीशी जुळवायला कुणी येणार नव्हतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पक्कं ठाऊक असण्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

"ऱ्हाऊ दे वं," मी म्हटलं.

मुलगी हसली. मला अहिराणी बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. मीही स्वतःला ऐकलं नव्हतं. मग तिने फडकं बादलीत टाकलं, कुंचला आडवा धरला आणि जीभ दातांत धरून त्या चौकोनाच्या कडेने हळूहळू चुना लावू लागली. दारामागे अंधार होता; मी कोपऱ्यातला दिवा उचलून जवळ धरला, तिला कड दिसावी म्हणून.